तिजोरीतली थोरली आई

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळ.

आजपासून रोज लिहिणार. ही डायरी जानेवारीपासून कोरी पडून होती. अढळ कॉम्प्युटर्सने जुन्या ग्राहकांना भेट म्हणून पोस्टाने पाठवलेली. जाड कागद, आणि प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात 'आम्ही आहोत ना'. हल्ली कोण कोणाला असं म्हणतं?

फोटोंचं काम संपत आलं. घराण्यातले सगळे जुने फोटो, म्हणजे आमच्या ट्रंकेतले, पेणच्या आत्याकडचे आणि खोपोलीहून अण्णांनी दिलेले, स्कॅन करून लॅपटॉपच्या तिजोरीत टाकले. तिजोरी ही अढळची खासियत. आपले फोटो आपल्याच मशीनमध्ये, आपल्याच अंगठ्याने उघडणार. मशीनला मागे एक स्क्रूसुद्धा नाही. कोणी उघडूच शकत नाही. मला हे फार आवडलं होतं.

४ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या पौर्णिमेला, अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन. अण्णा माझे थोरले भाऊ. आई वेगळी, पण सावत्र हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही, इथे फक्त नोंदीपुरता. कर्जतलाच हॉल घेतलाय. मोठ्या पडद्यावर घराण्याचे फोटो मी दाखवणार. तोपर्यंत कोणाला एकही पाठवायचा नाही. सरप्राइज.

अण्णांची नात सानवी म्हणाली, देवूआजोबा, सगळं एकदा पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. तिला समजावलं की बँकेत पैसे ठेवून कोणी मॅनेजरच्या दारात झोपत नाही. हसली. आजकालच्या मुलांना व्हेंडर ओळखता येत नाही. मी खोपोलीच्या कारखान्यात आयुष्यभर खरेदी विभाग सांभाळला. माणूस दारातून आत आला की माल कसा असेल ते कळायचं.

संकल्प: रोज डायरी. रोज पहाटे नदीपर्यंत फिरणे. चहात साखर बंद.

१८ सप्टेंबर, गुरुवार.

मधले दिवस लिहिणं झालं नाही. फिरणंही नाही. गुडघा.

आज मालोजीच्या टेंपोतून खोपोलीला जाऊन आलो. मालोजी आमच्याच कारखान्यात होता, आता टेंपो चालवतो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीसाठी अढळचा लॅपटॉप मीच घ्यायला लावला. रस्ताभर त्याला तिजोरीबद्दल सांगितलं. तो मान डोलवत होता, पण लक्ष रस्त्यावर होतं.

अण्णांनी शेवटी तो फोटो दिला. देवघराच्या खणातून काढला, एका जुन्या मऊ फडक्यात गुंडाळलेला. थोरल्या आईचा, म्हणजे अण्णांच्या आईचा फोटो. अण्णा चार वर्षांचे असताना ती गेली. तिचा हा एकच फोटो जगात आहे. मी आजवर दोनदा पाहिला असेन, तोही लांबून.  जपून आण, एवढंच अण्णा म्हणाले आणि जिना उतरून सोडायला आले. या वयात जिना कशाला, म्हटलं तरी आले.

घरी आल्याआल्या स्कॅन केला. मूळ फोटोची दशा वाईट. कोपरा कसरीने खाल्लेला, मधोमध डाग. थोरली आई लाकडी खुर्चीशेजारी उभी, पदर धरून छोटे अण्णा, आणि अण्णांचा चेहरा म्हणजे नुसता पांढुरका धूर. पण मशीनवर मोठा केला तर लुगड्याचे काठ दिसायला लागले. रुईफुली काठ. बायकोला, अनसूयेला, हाक मारून दाखवलं. ती कितीतरी वेळ बघत राहिली. म्हणाली, केवढीशी पोर होती हो.

तिजोरीत टाकला. अंगठा दिला. कुलूप लागल्याचा आवाज येतो, तो मला फार आवडतो.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

आज एक मोठं काम हातावेगळं केलं.

स्कॅन झाल्यावर मूळ फोटोंचं करायचं काय हा प्रश्न होता. ट्रंक भरून पूर्वज. वाळवी लागली की घरभर पसरते. घंटागाडीत तर देता येत नाहीत. ओला कचरा की सुका कचरा, असं ती बाई विचारणार आणि मी आजोबांना हातात धरून उभा. सर्वपित्रीपेक्षा चांगला मुहूर्त कुठला? काचा-फ्रेमा काढल्या, सगळे फोटो नव्या टॉवेलवर ठेवले, काळे तीळ, फुलं, दर्भ. उल्हास नदीच्या पाण्यात हळूहळू सोडले. पाणी भरपूर होतं. सगळी मंडळी शांतपणे निघाली. मला खरंच भरून आलं. अशी व्यवस्था कोणत्या पूर्वजांची लागते? देह पाण्यात, रूप तिजोरीत.

थोरल्या आईचा फोटो हातात घेऊन क्षणभर थांबलो. पण तो कसर लागलेला तुकडा अण्णांना परत काय द्यायचा? त्यांना दरवाजाएवढा, स्वच्छ, लॅमिनेट केलेला देणार. अर्धवट निर्णय हा निर्णय नसतो, हे मी खात्यात सगळ्यांना शिकवलं. सोडला.

घरी आल्यावर अनसूयेने विचारलं, अण्णांचा वेगळा ठेवलात ना? मी म्हटलं, सुरक्षित आहे. आणि आहेच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

लॅपटॉपची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. थोडी हळद बटणांमध्ये गेली, ती अण्णांच्या फडक्याने पुसली. ते फडकं स्क्रीनसाठी उत्तम आहे, चरा पडत नाही.

पूजा चालू असतानाच कंपनीचा संदेश आला. 'प्रिय अढळकर, आपली तिजोरी नव्या रूपात येत आहे.' दसऱ्याच्या दिवशी अपडेट. म्हणजे यांना सणवार कळतात. 'मान्य आहे'वर बोट ठेवलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

मशीन कालपासून विचार करतंय. स्क्रीनवर एक गोल फिरतो. मोठी तिजोरी आहे, हलवायला वेळ लागणारच.

३ ऑक्टोबर. संध्याकाळ.

हेल्पलाइनला फोन केला. बासरी वाजते, मग एक बाई सांगते की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बासरी चांगली आहे, भूप असावा. जेवणाची ताटं वाढली तरी मी फोन स्पीकरवर ठेवून होतो. अनसूया म्हणाली, त्यांनाही एक ताट वाढू का?

मग एक सभ्य मुलगा बोलला. दोन दिवसांत होईल म्हणाला. त्याने मला सर म्हटलं.

६ ऑक्टोबर, सोमवार.

मालोजी सकाळीच दारात. त्याच्या मुलीने फोनवर बातमी वाचली. अढळ कंपनी कॉम्प्युटर बंद करतेय आणि पाण्याचे फिल्टर काढतेय.

मी त्याला बसवून नीट समजावलं. मोठी कंपनी एका पायावर उभी राहत नाही. कारखान्यानेही मध्येच एकदा बादल्या काढल्या होत्या. दूरदृष्टी लागते. आणि जुन्या ग्राहकांना कोणी वाऱ्यावर सोडत नाही, उलट नवीन ग्राहक नसले की जुन्यांकडे लक्ष द्यायला वेळ मिळतो. हा मुद्दा मला बोलता बोलता सुचला. चांगला आहे.

मालोजी चहा पिऊन गेला. बशीत अर्धा तसाच होता. बहुतेक बिनसाखरेचा म्हणून.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

शिळफाट्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. पाटीवर 'अढळ' तेच, खाली 'कॉम्प्युटर्स' होतं तिथे निळा कागद डकवून 'शुद्ध जल'. आत किरण होता, पूर्वी लॅपटॉप बघायचा तोच, पण टीशर्टवर थेंबाचं चित्र. दुकानभर फिल्टर. त्याने मला फिल्टरचं पाणी प्यायला दिलं. चव ठीक.

लॅपटॉपचं विचारलं तर म्हणाला की काका, आता आमच्याकडे ते काहीच नाही, अवजारंसुद्धा घेऊन गेले. हेड ऑफिसला पाठवा. मी म्हटलं, तू नुसता उघडून तरी बघ. त्याने मशीन उलटसुलट केलं. स्क्रू नाही. दोघेही त्या पाठीकडे बघत बसलो.

तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. फिल्टरच्या खोक्यावरही 'आम्ही आहोत ना' छापलंय. शब्द बदललेला नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

हेल्पलाइनची बासरी बंद केली. आता सगळं चॅटवर. तिथे सखी नावाची मुलगी आहे. मुलगी नाही, यंत्र आहे, असं सानवी म्हणते. पण बोलणं गोड. मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगते. मी सांगितलं की ते बंदच होत नाही. ती म्हणाली, उत्तम, आता चालू करा.

शेवटी मशीन मागवून घ्यायला तयार झाली. दाराशी माणूस येणार. फुकट. मी अनसूयेला म्हटलं, बघ.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

माणूस येण्याआधी फोनवर अटींची लांबलचक पानं आली. खात्यात असताना दंडाचं कलम वाचल्याशिवाय मी कधी सही केली नाही. एका व्हेंडरला पाणी न विचारता चार तास बसवून करार वाचला होता. पण तो व्यवहार होता. घरच्या माणसांच्या अटी वाचायला बसलं तर त्यांना काय वाटेल? खाली जाऊन टिक केलं.

स्क्रीन आणि बटणांच्या मध्ये अण्णांचं फडकं घडी करून ठेवलं, चरा नको. वरून नवी चादर. माणसाने चादर काढून परत दिली, खोक्यात बसत नाही म्हणाला.

मशीन जिन्यावरून जाताना मी उगाच मागोमाग फाटकापर्यंत गेलो.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

अण्णा फराळाला आले. सानवी घेऊन आली. चकली मोडून दुधात बुडवून खाल्ली. मग हळूच विचारलं, देवू, फोटो झाला का रे?

सांगितलं की मोठा करायला दिलाय, फ्रेम शिसवी, वेळ लागतो. यात खोटं तसं काही नाही. फ्रेम शिसवीच करणार आहे.

अण्णा म्हणाले, मोठा कर तुला हवा तेवढा, पण मूळ तेवढा आधी दे. रोज सकाळी खण उघडतो आणि हात तिथेच जातो. हे ते हसत म्हणाले. अनसूया माझ्याकडे बघत होती. मी अण्णांना तिजोरीबद्दल सविस्तर सांगितलं, कंपनीबद्दलही. त्यांनी ऐकून घेतलं. लहानपणी मी पाढे म्हणायचो तेव्हा असेच ऐकायचे. माझी फी, माझी सायकल, माझी नोकरी, सगळं त्यांनीच केलं. त्यांना दरवाजाएवढा फोटो द्यायचाच.

मंडळी गेल्यावर अनसूयेने सरळ विचारलं, मूळ फोटो कुठे आहे? सांगितलं. ती उठली. उरलेल्या करंज्या डब्यात भरत राहिली. झाकण लागत नव्हतं, तरी दाबत राहिली.

१ नोव्हेंबर, शनिवार.

मालोजीच्या मुलीचाही लॅपटॉप गोल फिरायला लागला. तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट आत. मी म्हटलं, हेड ऑफिसला पाठव, माझाही गेलाय. कंपनीवर विश्वास ठेव.

मालोजी आवाज न चढवता म्हणाला, "सायेब, कंपनी मला कुठं ठाव हाय? तुमी सांगितलं म्हनून घेतला. मी तर तुमाला वळखतो."

मग टेंपो घेऊन गेला. मला राग आला. विश्वास ठेवायचा तर कंपनीवर ठेवावा, मध्ये माणसाला कशाला आणायचं?

तीन चमचे साखर घेतली.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपार.

आलं. मशीन आलं. खोकं नवीन, आत फुगे असलेलं प्लॅस्टिक. आधी अनसूयेला हाक मारली. म्हटलं, आता बोल. तिने हात पुसले आणि येऊन शेजारी बसली.

बटण दाबल्याबरोबर उजेड. गोल नाही. स्क्रीनवर धबधबा. 'नमस्कार, नवीन अढळकर. आपले नाव काय?'

१० नोव्हेंबर. संध्याकाळ.

तिजोरी उघडली. रिकामी नाही म्हणता येणार, आत एक फोटो होता. कंपनीचा. फिल्टरचा.

खोक्यात कागद होता. ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षेसाठी दुरुस्तीपूर्वी सर्व माहिती कायमची पुसण्यात येते. आपण दिलेल्या संमतीबद्दल आभार.

याचा अर्थ त्यांनी नक्कीच आधी एक प्रत काढून ठेवली असणार. कोणताही शहाणा माणूस तेच करेल. उद्या फोन.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

सखीकडून माणसापर्यंत पोचायला सकाळ गेली. बाईंचा आवाज थकलेला. त्यांनी शोधलं, मग म्हणाल्या, सर, प्रत नसते. मी म्हटलं, तुमच्या साहेबांकडे असेल. त्या म्हणाल्या, साहेब पाण्यात गेले. म्हणजे त्या विभागात. मी म्हटलं, बाई, आत माझ्या भावाची आई होती. जगात एकच फोटो होता. त्यांनी पुन्हा एकदा शोधलं. मग म्हणाल्या, सर, तुम्ही टिक केलं आहे.

फसवलं मला. साफ फसवलं. कोणी परक्याने फसवलं असतं तर मी समजलो असतो, धंदा आहे. पण यांना मी घरात घेतलं. दसऱ्याला हळद-कुंकू लावलं. ज्याच्या त्याच्या दारात जाऊन यांचं गुणगान केलं, कमिशन तर सोडाच, एक पेनसुद्धा घेतलं नाही. प्रिय अढळकर म्हणून पत्र लिहायचे तेव्हा मी ते मोठ्याने वाचून दाखवायचो. कॉम्प्युटर परवडत नाही तर बंद करा, तुमचा धंदा आहे, मला समजतं. पण ज्यांनी आपल्या माणसांचे चेहरे तुमच्या हातात दिले, त्यांना जाताना एक हाक तरी मारायची. घ्या बाबांनो, आम्ही निघालो, तुमचं तुम्ही घ्या. एवढी एक हाक. ती मारली नाही त्यांनी. ठेवायला दिलेलं परत द्यायचं असतं, एवढं तर लहान मुलालाही कळतं.

हे सगळं अनसूयेला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "कंपनीचं राहू दे. तुम्ही अण्णांना सांगा."

सांगणारच आहे. पण आधी कंपनीला कडक पत्र.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ.

पहाटे फिरायला गेलो. संकल्प पुन्हा सुरू. सहज नदीच्या काठाकाठाने पुलाच्या खालपर्यंत. हातात काठी होती, तिने सहज झुडपं बाजूला करत गेलो.

बंधाऱ्यापाशी बरंच काही अडकलेलं. नारळ, निर्माल्य, गणपतीच्या मखराचे तुकडे, देवांच्या तसबिरी. आणि एक लॅमिनेट केलेला फोटो, कोट-टोपीतले गृहस्थ, भरघोस मिशा. आमच्यातले नाहीत. दुसऱ्या कोणाचे तरी आजोबा. त्यांना तसंच टाकून येववेना. घरी आणले, पुसले, शेल्फवर ठेवले.

अनसूयेने विचारलं, हे कोण? म्हटलं, माहीत नाही. तिने त्यांच्यासमोर उदबत्ती लावली. माझ्याशी अजून कामापुरतंच बोलते.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

तोडगा सापडला. आजवर कसा सुचला नाही?

फोनवर एक ॲप आहे. आपण वर्णन करायचं, ते फोटो बनवून देतं. मला थोरली आई चांगली आठवते, म्हणजे स्कॅनमधली. नऊवारी, रुईफुली काठ, खुर्ची, शेजारी मुलगा. पहिल्या खेपेला मालिकेतल्या सुनेसारखी बाई आली आणि मुलगा जीन्समध्ये. दुसऱ्या खेपेला खुर्ची छान आली. आठवडाभरात जमेल.

अण्णांच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे. शिवाय फोटो पडद्यावर, लांबून. शिवाय आनंदाच्या भरात माणूस बारकावे बघत नाही.

कंपनीला कडक पत्र: अर्धं झालं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

जमलं. हुबेहूब. खरं तर मुळापेक्षा चांगला. डाग नाही, कसर नाही, छोट्या अण्णांचा चेहरा स्वच्छ, गालावर खळीसुद्धा. दरवाजाएवढा छापून शिसवी फ्रेम करायला टाकला. अनसूयेला दाखवला. तिने चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला आणि भाजी चिरायला घेतली.

ती नेहमी शेवटच्या क्षणी कच खाते. माझं तसं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.

हॉल भरला. जितकी वर्षं तितके दिवे लावून अण्णांना ओवाळलं. ते पांढऱ्या उपरण्यात बसले होते, छोटेसे दिसत होते. बाकीचे फोटो सानवीने नातेवाइकांच्या फोनमधून गोळा केले होते, ते झाले. मग मी माइक घेतला, चार शब्द बोललो, आणि थोरली आई पडद्यावर आली. मागून शिसवी फ्रेम घेऊन दोन मुलं. टाळ्या. पेणच्या आत्या रडल्या.

अण्णांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा लावला. हात जोडले. मी अनसूयेकडे बघितलं, म्हणजे कळावं.

जेवणं झाल्यावर त्यांनी मला हॉलमागच्या खोलीत बोलावलं. फ्रेम तिथे भिंतीला टेकवलेली. दार लावून घ्यायला सांगितलं. म्हणाले, "देवू, बाई छान आहे. कोण आहे ही?"

मी म्हटलं, थोरली आई, अण्णा. कॉम्प्युटरने साफ केलंय.

ते म्हणाले, "त्या फोटोत मी हललो होतो रे. माझं तोंडच आलं नव्हतं. फोटोवाला माझ्यावर ओरडला. तेव्हा आई त्याला म्हणाली, असू दे. तिचा तेवढाच आवाज माझ्याकडे आहे. फोटो बघितला की ऐकू यायचा."

मग मी सगळं सांगितलं. कंपनीचं आधी सांगितलं, बरंच सांगितलं. बासरी, सखी, अटी, फिल्टर. नदीचं शेवटी सांगितलं, एका वाक्यात. ते खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर पोरं पत्रावळींवरून भांडत होती.

तिकडेच बघत म्हणाले, "असू दे." आणि मग, जेवलास का रे?

ओरडायला हवं होतं त्यांनी.

५ डिसेंबर, शुक्रवार.

फोनवर कंपनीचा संदेश. 'आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?' आजवर नेहमी पाचही तारे दिले. आज एक दिला. उत्तर आलं की आपले मॉडेल आता सेवेत नसल्याने आपले मत नोंदवता येत नाही.

एक तारासुद्धा घेतला नाही.

७ डिसेंबर, रविवार.

सकाळी अण्णांचा फोन. फोटोबद्दल एक अक्षर नाही. शिसवी फ्रेमबद्दलही नाही. तब्येत विचारली, गुडघा विचारला. मग म्हणाले, फोटो गुंडाळला होता ते फडकं तेवढं मालोजीबरोबर पाठवून दे. आईच्या लुगड्याचा तुकडा आहे. खणात घडी करून ठेवतो, हात लावायला काहीतरी असू दे.

हो म्हटलं. लगेच पाठवतो म्हटलं.

लॅपटॉपचं कपाट पाहिलं, देवघर पाहिलं, नवी चादर झटकली. अनसूयेने विचारलं, काय शोधताय? मग आठवलं. चरा नको म्हणून मीच घडी घालून आत ठेवलं होतं. परत आलेल्या खोक्यात लॅपटॉप, चार्जर, फिल्टरचं पत्रक. फुग्यांचं प्लॅस्टिक उलगडून उलगडून पाहिलं. नाही.

दुपारभर चॅटवर होतो. सखी विचारते, कोणते उत्पादन? लिहिलं, फडकं. म्हणाली, हे उत्पादन आढळले नाही. सविस्तर लिहिलं. वीतभर रुंद, पांढरट, एका कडेला रुईफुली काठ, विटलेला. अतिशय मऊ. हळदीचा थोडा डाग असेल, तो माझ्यामुळे. सखी म्हणाली, जुन्या ग्राहकांसाठी फिल्टरवर खास सवलत आहे. मग विचारलं, आपला प्रश्न सुटला का? 'नाही'वर बोट ठेवलं. म्हणाली, आम्ही आहोत ना.

उद्या पुन्हा करतो. त्या थकलेल्या आवाजाच्या बाई लागल्या तर बरं, त्यांना समजेल. पॅकिंगच्या टेबलावर पडलं असेल कुठेतरी, कोणीतरी उचलून बाजूला ठेवलं असेल. कंपनी कशीही असो, आत माणसंच आहेत. दुसऱ्याच्या आईची वस्तू अशी कोणी टाकून देत नाही.